नको म्हणायला तरी ये

११ जानेवारी

टिल्लू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

हे पत्र एका कामापुरतं आहे. वर्कशॉपमधली फोम भाजायची भट्टी पुन्हा मधेच बंद पडते. मागे तू तिच्या पोटात हात घालून कुठली तरी तार कुठे तरी जोडली होतीस. मेकॅनिक म्हणतो, “हे ज्याने केलंय त्यालाच बोलवा, आमच्या बापाला कळायचं नाही.” तर ते कळव. फोन तू वर्षानुवर्षं घेत नाहीस, मेल कुठे जाऊन पडतात देव जाणे. शेवटी तुझ्या जुन्या मित्राच्या हात धुऊन मागे लागले आणि तुझ्या तिकडच्या नव्या शहरातल्या ऑफिसचा पत्ता मिळवला. घराचा पत्ता त्यालाही दिलेला नाहीस. छान.

बाकी सगळं ठीक. हाताला काम आहे. सिनेमाचं नाही, नर्सिंग कॉलेजचं. शिकाऊ मुलींना पट्ट्या बांधायच्या सरावासाठी जखमा लागतात, भाजलेल्या, फाटलेल्या, पू झालेल्या. मी सिलिकॉनच्या करून देते. परवा त्यांच्या मोठ्या मॅडम मी केलेली एक मांडी बघून तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. एवढी दाद मला आजवर एकाही दिग्दर्शकाने दिली नाही.

शिडी येऊन-जाऊन असतो. सिनेमातल्या रबरी राक्षसाच्या आत शिरणाऱ्या माणसाला हल्ली कोण विचारतंय? मॉलमध्ये अस्वल होऊन मुलांशी हात मिळवतो. म्हणतो, “काकू, अस्वलात पंखा आहे. तुमच्या एकाही जनावरात पंखा नव्हता.” एवढी वर्षं माझ्या रबरात घाम गाळला आणि आता तक्रार सुचतेय.

बाबांना थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतोच.

भट्टीचं कळव.

आई


२४ जानेवारी

टिल्लू,

भट्टी चालू आहे. ती बंद पडलीच नव्हती. कामाचं काही असेल तर तू उत्तर देशील असं वाटलं होतं.

खोकलाही थोडा नाही. लॅबमध्ये बसून आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घासल्या, ती सगळी धूळ छातीत जाऊन बसली आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दगडासारखी झाली आहेत. बाबा म्हणाले, “प्लास्टरसारखी म्हणा. आमच्या धंद्यात दगड नसतो.” डॉक्टर हसले नाहीत.

आता नाकात नळी असते आणि पलंगाशी सिलिंडर. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना मधे टेकायला एक खुर्ची ठेवली आहे. खुर्चीवर बसले की बाबा म्हणतात, “आलं स्टेशन.”

घरात हल्ली मागच्याच गोष्टी निघतात. काल ते म्हणाले, “तू पहिल्यांदा लॅबमध्ये आलीस तेव्हा तुझ्या बोटांना डोळ्यांचा रंग लागलेला होता.” खरं आहे. मी तेव्हा दुकानातल्या पुतळ्यांचे डोळे रंगवायची. एका सिनेमावाल्याने ते पाहिले आणि म्हणाला, “बाई, हडळ कराल का?” मला कसलं माहीत! हो म्हणून बसले आणि दातांसाठी लॅब गाठली. बाबांनी मान वर न करता विचारलं, “कोणाच्या तोंडात बसवायचेत?” मी म्हटलं, “हडळीच्या.” तर म्हणाले, “वेळ घेऊन यायला सांगा. माप घ्यावं लागेल.” त्यानंतर जेवढी म्हणून जनावरं केली, त्यांची कातडी माझी आणि जबडा त्यांचा. लग्न त्यातच कुठे तरी उरकून घेतलं.

आणि आता तो दिवस. त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग लिहायचं तरी काय?

नदीतल्या जनावरावर आम्ही वर्षभर खपलो होतो. त्याच्या मिशा मी सुईने एकेक केस टोचून बसवल्या. शिडी आत शिरून पाण्यात बुडायचा, बाहेर काढलं की ओकायचा आणि पुन्हा बुडायचा. शूटिंग झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग वरच्या लोकांनी ठरवलं की जनावर पुसायचं आणि तिथे कॉम्प्युटरवरचं टाकायचं. होतं असं. धंदा आहे. पण ते काम तुमच्या कंपनीकडे गेलं होतं आणि तू त्याच टेबलावर होतास. महिनोन्‌महिने. रविवारी घरी यायचास, “आई, वाढ” म्हणायचास, आणि सोमवारपासून आईचंच जनावर पुसत बसायचास. आम्हाला कळलं ते रस्त्यावरच्या पोस्टरवरून, खाली तुमच्या कंपनीचं नाव होतं.

बाबा ओरडले ते माझ्यासाठी ओरडले. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! चालता हो.” आणि तू खरंच चालता झालास. मी कोपऱ्यापर्यंत अनवाणी धावले. टॅक्सीच्या काचेवर हात मारला. तू पुढेच बघत होतास.

माझी त्यात चूक नव्हती. बाबांचीही नव्हती. तुझीही नव्हती असं लिहायला हात वळत नाही. तो सिनेमा मी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. हे सगळं तसंच राहू दे, पण ये.

आई


३१ जानेवारी

टिल्लू,

मधे दोन दिवस बाबांना हॉस्पिटलात ठेवलं होतं, मग हॉस्पिटलनेच घरी न्यायला सांगितलं. “घरी बरं वाटेल” असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते तुला कळतं ना?

हवा कमी पडली की बाबांच्या डोक्यात धुकं येतं. काल सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाचा हात धरून म्हणाले, “टिल्लू, किती दमलास रे.” तो बिचारा भला माणूस. हात सोडवून न घेता उभा राहिला. पुढच्या घरी सिलिंडर द्यायचा होता, तरी उभा राहिला.

रोज तुझं विचारतात. तुला बोलावलं आहे असं मी सांगून बसले आहे. आधी म्हटलं, रजा मंजूर व्हायची आहे. मग म्हटलं, झाली, पण तिकीट मिळत नाही. मग काहीच सुचेना, तेव्हा म्हटलं, तिकडे मोठं वादळ आहे, विमानं बंद आहेत. आता सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न हाच, “वादळ थांबलं का गं?” वादळ आणलं मी, पण ते थांबवायचं कसं ते मला कळत नाही. ते फक्त तुला थांबवता येईल.

ते तुझ्यावर चिडलेले नाहीत. चिडायला छातीत हवा लागते.

आई


६ फेब्रुवारी

तुझ्या ऑफिसात फोन केला. तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी बोलली. चांगली आहे. मी विचारलं, माझी पत्रं पोचतात का? ती म्हणाली, “काकू, तीनही आहेत. कीबोर्डखाली ठेवलीत. उघडलेली नाहीत.”

“त्याला बोलाव,” मी म्हटलं. ती म्हणाली, “तो मीटिंगमध्ये आहे.” तिच्या आवाजावरून मला कळलं की तू तिच्या समोरच उभा आहेस. हो ना?

म्हणून या वेळी पाकिटावरच लिहिलं आहे. साच्यांवर नंबर घालायचा जाड मार्कर घेतला आणि पत्त्याच्या वर लिहिलं, बाबा जात आहेत. कुरिअरच्या माणसाने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाकीट इतरांच्या ढिगात न टाकता वेगळं ठेवलं.

परक्या माणसाला एवढं कळतं.

आई


१० फेब्रुवारी

टिल्लू,

हे पत्र तरी वाच, कारण यात मी काय करणार आहे ते लिहिते आहे.

तू सतरा वर्षांचा असताना मी तुझ्या चेहऱ्याचं माप घेतलं होतं. नाकात दोन नळ्या, वर दातांच्या मापाची ती गुलाबी लापशी, आणि बाबा बाजूला उभे राहून तुला विनोद सांगत होते. हसू नको, हसू नको म्हटलं तरी तू हसलास. त्यावरून ओतलेल्या प्लास्टरच्या चेहऱ्यात तुझा उजवा गाल अजून थोडा वर आहे. शिडीचाही चेहरा आहे माझ्याकडे, त्याचे तर डझनभर असतील. काल दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. उंची तुमची सारखीच. कपाळ सारखं. नाक आणि हनुवटी मला करता येतील.

बाबांना तू हवा आहेस. मी जन्मभर जे जगात नाही ते करत आले, हडळी केल्या, मगरीचं तोंड असलेली माणसं केली. तू तर जगात आहेस. तू मला का जमणार नाहीस?

शिडीला विचारलं, टिल्लू होऊन बाबांपुढे बसशील का. त्याने खूप वेळ चहात चमचा फिरवला. मग म्हणाला, “काकू, हे पाप तर नाही ना?” मी म्हटलं, “पाप-पुण्याचा हिशेब माझ्या नावावर लाव. तू फक्त हनुवटी हलवू नकोस.” तो हो म्हणाला. त्याला बाबांनी एकदा फुकट दाढ बसवून दिली होती. ते तो अजून विसरलेला नाही.

पण मला हे करायचं नाही रे. मला भीती वाटते. मी कधी कोणाला फसवायला चेहरा केलेला नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला माहीत असतं की हे खोटं आहे, तो तिकीट काढूनच येतो. बाबांनी तिकीट काढलेलं नाही.

शुक्रवारपर्यंत थांबते. तुला बाबांना भेटायचं नसेल तर नको भेटूस. पण मला एवढंच सांगायला फोन कर की आई, हे करू नकोस. फोन नको तर स्वतः ये. भांडायला ये. नको म्हणायला तरी ये.

आई


१५ फेब्रुवारी

टिल्लू,

शुक्रवार गेला. काल केलं.

तू आता कसा दिसतोस हेच मला माहीत नव्हतं. आईला माहीत नाही! प्लास्टरमधला तू सतरा वर्षांचा. त्याच्यावर माती चढवत गेले आणि प्रत्येक ठिकाणी अडले. केस मागे हटले असतील का? तुझ्या आजोबांचे हटले होते, म्हणून थोडे हटवले. दिवसभर स्क्रीनसमोर बसतोस म्हणून डोळ्यांखाली सावली दिली, चष्मा लावला. जाड झालास की बारीक? कोण तुला वेळेवर जेवायला घालतं? गालाशी येऊन मी थांबले आणि बराच वेळ पुढे काही करताच आलं नाही. शेवटी गाल भरलेले ठेवले. तू खाऊन-पिऊन आहेस असं मला वाटायला हवं होतं.

शिडी सकाळपासून खुर्चीत बसला. तुकडे चिकटवले, कडा विरघळवल्या, रंग चढवला. भुवया एकेक केसाने बसवल्या. संपलं तेव्हा मी दोन पावलं मागे झाले आणि माझा हात आपोआप वर गेला, तुझ्या कानशिलात मारायला. एवढा तू झाला होतास.

बाबांना सांगितलं, “वादळ थांबलं. टिल्लू आलाय.” त्यांनी चष्मा मागितला. मी उशी उंच केली. शिडी आत गेला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. हात वर करून गालाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, झालं, जमलं, आता निदान शांतपणे...

बाबा म्हणाले, “शिडी, गुडघे दुखत नाहीत का रे असा बसून?”

तो बसतो ना, गुडघे छातीशी घेऊन? जनावराच्या आत अंग चोरून बसायची सवय. मी चेहरा केला, मान केली, हात केले. बसणं कोण करणार?

शिडीने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडाने पाहिलं. बाबाही माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “म्हणजे वादळबिदळ काही नाही. तो येणारच नाही.”

“काढ ते,” म्हणाले, “पोराची कातडी ओढेल.” त्यांच्यासमोरच काढायला लावलं. मधेमधे सांगत होते, “कानामागून घे. सावकाश. फाडू नकोस.” सुटलेलं तोंड मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, “काम मात्र झकास. हनुवटी तर थेट त्याची.”

मी हुशार ना? रजा, तिकीट, वादळ, सगळं सांगून जे इतके दिवस झाकून ठेवलं होतं, ते माझ्याच हाताने नाक-डोळे लावून त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. मुलगा येत असता तर त्याचं सोंग कशाला आणलं असतं?

आज सकाळी त्यांनी वादळाचं विचारलं नाही. पाणी मागितलं आणि भिंतीकडे वळले. तुझं नाव काढत नाहीत. मला ते विचारणं सोसत नव्हतं, आता हे न विचारणं सोसत नाही.

ये, किंवा येऊ नकोस. मला आता काहीच कळत नाही.

आई


२८ फेब्रुवारी

टिल्लू,

तू शेजारच्या खोलीत आहेस. मधे एक भिंत आहे आणि तिला दार आहे. तरी लिहिते, कारण तोंड उघडलं की आपल्या दोघांच्या तोंडून “चहा घेतोस का” आणि “घेतो” याच्यापुढे काही निघत नाही. बाबा जाऊन आठवडा झाला, आपण नुसता चहाच पितो आहोत.

तू आलास त्या सकाळी मी औषधं आणायला गेले होते. शेजारच्या वहिनींनी दार उघडलं. परत आले तर पॅसेजमध्ये तुझी बॅग. धावत आत येणार, तेवढ्यात बाबांचा आवाज ऐकू आला आणि मी दाराशीच थबकले. किती तरी दिवसांनी ते सलग बोलत होते.

“या वेळी दाढी लावली का हिने? हुशार आहे. दाढीत कडा लपतात.”

तू म्हणालास, “बाबा, मी...”

“बोलू नकोस. तुला कुठे डायलॉग जमतात? उगाच हिची मेहनत वाया घालवशील. बस. आज नीट बसलास बघ, गुडघे खाली. ऐक, शिडी, हिला सांगणार नसशील तर एक सांगतो.”

मी हातातली पिशवी छातीशी धरली, आवाज होऊ नये म्हणून.

“तो सिनेमा मी पाहिला. दवाखान्यात जातो म्हणून निघालो आणि थिएटरात जाऊन बसलो. दोनदा. त्याचं जनावर पाण्यातून वर येतं ना, तेव्हा आधी नुसत्या मिशा दिसतात. त्या हिच्याच मिशा आहेत रे. एकेक केस तसाच. पोराने पुसल्या नाहीत, जपून उतरवून घेतल्या. आणि ते जनावर श्वास घेतं. आमचं कधी घेत नव्हतं, आत तू गुदमरायचास. चांगलं केलंय. आमच्यापेक्षा चांगलं. घरातून हाकललं त्याला, आणि वर दोनदा तिकीट काढून त्याचं काम बघून आलो. हिला कळलं तर तिचं काळीज फाटेल. सांगू नकोस. पण तो कधी भेटला तर त्याला सांग.”

तेव्हा तू विचारलंस, “काय सांगू?”

“सांग की दात चुकलेत. मागच्या दाढा कशाला दिल्यास? ते चावत नाही, गिळतं. घरात बाप दातवाला होता, विचारायचं की.”

तू म्हणालास, “सांगतो.” तुझा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, भांडी वाजवली, तोंड धुतलं आणि आत्ताच आल्यासारखी आत आले. म्हटलं, “अहो, बघा कोण आलंय!” म्हणाले, “बघितलं. छान जमलंय.” मी म्हटलं, “हा खराच आहे हो. आपला टिल्लू. शप्पथ.” त्यांनी माझा हात थोपटला. “हो, हो,” म्हणाले, “वादळ थांबलं असेल.” आणि हसले, लहान मुलीने काढलेलं चित्र बघून हसतात तसे.

माझ्यावर त्यांचा विश्वास बसेना. का बसावा? मी पुन्हा सांगायला गेले तर तूच माझा दंड धरलास. “राहू दे, आई.”

मग शेवटपर्यंत तू शिडीच राहिलास. “शिडी, कूस बदल,” “शिडी, पाय चेप,” आणि तू हं म्हणत करत राहिलास. खरा शिडी फळं घेऊन आला, दारातून तुला पाहिलं आणि उलट्या पावली मागे फिरला. “काकू, खोलीत दोन शिड्या झाल्या तर काका डॉक्टर बदलतील,” म्हणाला आणि जिन्यात जाऊन बसला. दिवसभर तिथेच बसून होता. रडत होता, मी पाहिलं. शेवटच्या सकाळी बाबांनी “शिडी, पाणी” म्हटलं, तू चमच्याने पाजलंस, आणि मग दुसऱ्या चमच्यासाठी त्यांचं तोंड उघडलंच नाही.

तू आलास त्याच दिवशी मला एवढंच म्हणाला होतास, “मी तुला अडवायला आलो होतो. सगळी पत्रं एकदम उघडली आणि निघालो.” तुला उशीर झाला. मलाही घाई झाली. आता ते कुणाच्या माथी मारणार?

परवा मी तुला विचारलं, “तू आलास त्या सकाळी बाबा काय बोलत होते रे?” तू म्हणालास, “काही नाही. दाढीबद्दल.” बाबांनी सांगू नको म्हटलं म्हणून तू गिळून बसला आहेस. तुझा चेहरा मी घडवला आहे, टिल्लू. एकदा पोटात आणि एकदा मातीत. काही लपवताना तुझी मान कशी ताठते ते मला कळतं.

म्हणून हे पत्र. मी दारात होते. मी सगळं ऐकलं. तुला ते माझ्यापासून सांभाळत बसायची गरज नाही.

काळीज फाटलं का, तर थोडं फाटलं. खोटं कशाला लिहू? ‘आमच्यापेक्षा चांगलं’ हे नळाच्या आवाजातही कानात वाजत होतं. मी रडले ते नवऱ्यासाठी की जनावरासाठी, माझं मला कळलं नाही. पण तू माझ्या मिशा टाकून दिल्या नव्हत्यास, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? टॅक्सीची काच खाली करून एवढं एक वाक्य बोलला असतास तर?

असो. तुझी बॅग भरलेली दिसते. जायचं तेव्हा जा, मी काचेवर हात मारणार नाही. पण त्याआधी तो सिनेमा लाव. तुझ्या लॅपटॉपवर असेलच. शिडीलाही बोलावते. त्यालाही केव्हाचा बघायचा आहे, माझ्या धाकाने बोलला नाही. मला आवडेलच असं नाही, आणि नाही आवडला तर तोंडावर सांगेन. दाढा मात्र मी नीट बघणार आहे.

हे दाराखालून सरकवते. वाचून झालं की बाहेर ये. आणि मधेच माझ्याकडे बघून “आई, बंद करू का” असं विचारू नकोस. मला शेवटपर्यंत बघायचा आहे.

आई